लेखनिक हवा, नववीतला किंवा खालचा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पेणमधल्या एका शाळेच्या सभागृहात फारसी चित्रपट दाखवला गेला. मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. एका दैनिकाचा पेण आणि रोह्याचा वार्ताहर म्हणून मी बावीस वर्षं काम करतो. अशा कार्यक्रमाची निम्मी बातमी कार्यक्रम सुरू होण्याआधीच लिहून झालेली असते. या वेळी डेस्कने एक जादा काम सांगितलं होतं: प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांची चौकट, पाच प्रतिक्रिया, प्रत्येकी तीन ओळी.

कार्यक्रम गावातल्या चित्रपट मंडळाचा होता. मंडळाने शाळांमार्फत नववी आणि दहावीच्या पालकांना बोलावलं होतं. शाळांना हजेरी दाखवायची होती, म्हणून दारात प्रत्येकाच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली जात होती. नाव, गाव, फोन, पाल्याची इयत्ता आणि खाली पाच रेघा: चित्रपट पाहून काय वाटलं?

चित्रपट सात-आठ वर्षांच्या आंधळ्या मुलीचा होता. डोंगरातलं गाव, ट्रक चालवणारा बाप, हरवलेलं करडू. करडाच्या गळ्यातल्या घंटेच्या आवाजामागे ती एकटी डोंगर उतरते आणि ओढा ओलांडते. शेवटी तिला शहरातल्या वसतिगृहात सोडून बाप परत निघतो. संवाद फारसी, खालच्या पट्ट्या इंग्रजी. मंडळाने कथासार मराठीत छापून वाटलं होतं.

माझ्या पुढच्या दुसऱ्या रांगेत एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. बाई पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर काम करणारी. मुलगी दहावीत आणि जन्मापासून आंधळी. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी तिला आग्रहाने पाठवलं होतं. "तुझ्यावरचाच पिक्चर आहे," असं त्या म्हणाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आई मुलीच्या कानाशी लागून दबक्या आवाजात सांगत होती. "आता पानी आलं. आता काठीनं बघते. पाय टाकला गो, टाकला."

त्यांच्या पुढे बसलेले गृहस्थ मागे वळले. "श्शू! पिक्चर बघू द्या जरा. एवढा चांगला सीन चाललाय."

आई गप्प झाली. पुढचा पाऊण तास मुलीला कोणी काही सांगितलं नाही.

दिवे लागले तेव्हा सभागृहात नाक ओढण्याचे आवाज येत होते. मंडळाचे अध्यक्ष माईकवर आले, चष्मा काढून पुसला, दोनदा बोलायला लागले आणि दोनदा थांबले. मी तेही टिपून घेतलं. मग लोक भिंतीला टेकून, गुडघ्यावर वही ठेवून चिठ्ठ्या लिहू लागले. मागे वळून दटावणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यात जास्त वेळ घेतला. चौकटीसाठी मंडळाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा मला दिला होता, त्यात त्यांची चिठ्ठी मी दुपारी वाचली. त्यांना एक मुलगा, नववीत. त्यांनी लिहिलं होतं: "आपण डोळे असूनही आंधळे आहोत. आज मला त्या मुलीच्या डोळ्यांनी जग दिसलं."

गर्दी पांगताना ती बाई अध्यक्षांपाशी गेली. मी शेजारीच उभा होतो. तिला एकच गोष्ट हवी होती. दहावीच्या परीक्षेला मुलीला लेखनिक लागतो. मुलगी तोंडी उत्तर सांगणार, लेखनिकाने ते कागदावर उतरवायचं. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणजे नववीतला किंवा त्याहून लहान. आधी एक मुलगी ठरली होती. तिच्या वडिलांना पनवेलला नोकरी मिळाली आणि ते कुटुंब गेलं. आता अर्ज, लेखनिकाचा फोटो आणि त्याच्या शाळेचा दाखला येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर पोरीची परीक्षा या वर्षी होणार नव्हती.

"इथं एवढे आईबाप जमलेत," ती म्हणाली. "तुम्ही माईकवर एकदा सांगा ना, दादा."

अध्यक्षांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, हे काम आमचं. पुढच्या रविवारी रोह्याला हाच चित्रपट आहे. तिथे हिचा सत्कारच करू आपण. सगळ्यांसमोर."

"सत्कार कशाला?" मुलीने विचारलं.

"अगं, तू प्रेरणा आहेस आमची."

माईक तेव्हा चालू होता. एका वाक्याचं काम होतं. ते त्यांनी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

दुपारी मी चौकट लिहून पाठवली. मग चिठ्ठ्या पुन्हा काढल्या आणि पाल्याची इयत्ता नववी लिहिलेल्या वेगळ्या केल्या. एकवीस निघाल्या. संध्याकाळी फोन करायला बसलो. मला वाटलं होतं, तिसऱ्या-चौथ्या फोनला काम होईल.

पहिल्याने लिहिलं होतं, "आज झोप लागणार नाही." तो म्हणाला, "अहो, मार्चमध्ये आमच्या मुलीचाच अभ्यास असतो."

"नववीची परीक्षा एप्रिलमध्ये असते."

"हो, पण तयारी असते ना. तुम्हाला माहितीये आजकाल किती तयारी असते."

एका बाईंनी चिठ्ठीत फुल्यांसारखी सहा उद्गारचिन्हं काढली होती. त्या म्हणाल्या, "आमच्या मुलीचं अक्षर इतकं गिचमीड आहे ना, त्या बिचारीचे मार्क जातील हो. मला ते पाप नको." दुसऱ्या बाई म्हणाल्या, घरात सासूबाईंना असलं काही आवडत नाही. असलं म्हणजे कसलं, ते मी विचारलं नाही. रोह्याजवळ धाटावला कंपनीत असणारा एकजण म्हणाला, "माझी फर्स्ट शिफ्ट. पोराला सेंटरवर सोडणार कोण?" त्याच्या घरापासून परीक्षा केंद्र चालत सात मिनिटांवर आहे. मी चालून पाहिलं आहे. एकाने विचारलं, सर्टिफिकेट मिळतं का. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मग विचारून सांगा." एकजण म्हणाला, "काही चुकलं तर नाव आमच्या पोराचं येणार. अशा संस्था असतात ना साहेब, त्यांना सांगा."

दटावणारे गृहस्थ फोनवर फार सौम्य होते. त्यांनी आधी चौकशी केली, त्यांची प्रतिक्रिया छापून येणार आहे का. येणार होती. मग म्हणाले, "मुलगा क्लासला असतो. पण मनापासून सांगतो, त्या मुलीला माझ्या शुभेच्छा कळवा."

एकवीसपैकी सोळाजणांनी फोन उचलला. सोळाही जण दुःखी झाले.

पुढच्या रविवारी मी, ती बाई आणि मुलगी पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मुलीने शाळेचा गणवेश घातला होता, कारण अध्यक्षांनी तसं कळवलं होतं. फोटो चांगला येतो. कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मुलीने मला विचारलं, "काका, त्या पिक्चरमध्ये ती पोरगी ओढा ओलांडते, तेव्हा काय दिसतं?"

मी सांगितलं. पाणी गुडघ्यापर्यंत, काठी, पलीकडे करडू.

"ती पडते का?"

"नाही."

"मग सगळे रडत का होते? मला तर ऐकू आलं, ती हसत होती."

माझ्या वहीत त्या दृश्यापुढे लिहिलेलं होतं: "सभागृह हेलावले." पडद्यावरची मुलगी हसत होती, हे मी लिहिलं नव्हतं. मला ते आठवतही नव्हतं.

"रडू दे गो," आई म्हणाली. "त्यांना बरं वाटतं."

"मना नाय वाटत बरं. मी एवढं ऐकतेय आणि बाजूची बाई हुंदके देते. घंटा पण ऐकू येऊ देत नाय."

रोह्याचं सभागृह भरलं होतं. चित्रपट संपल्यावर मुलीला व्यासपीठावर नेलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाल खांद्यावर टाकताना तिला कोणी आधी सांगितलं नाही, त्यामुळे ती दचकली आणि समोरचे लोक कळवळले. एक पाहुण्या बाई तिच्या आईला म्हणाल्या, "जन्मापासूनच का हो?"

"मला विचारा," मुलगी म्हणाली. "मला ऐकू येतं."

बाई हसल्या. "किती गोड बोलते."

मग तिच्या हातात माईक दिला. ती काय बोलली ते माझ्या वहीत शब्दशः आहे. "नमस्कार. मी पेणवरनं आले. मला दहावीच्या परीक्षेला लेखनिक पाहिजे. नववीतला किंवा खालचा. मुलगा चालेल, मुलगी चालेल. अक्षर वाचता आलं म्हणजे झालं. मी सांगेन ते लिहायचं, दुसरं काय नाय. पेणला यायचं, गाडी सोडली तर काय त्रास नाय. शुक्रवार शेवटचा दिवस हाय. कोणाचं पोर हाय का?"

ती थांबली. ती उत्तराची वाट बघत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी पुढच्या दोन रांगांनी, मग सगळ्यांनी. काहीजण उभे राहिले. मागून कोणीतरी "वा!" म्हणालं. मुलगी माईक धरून उभीच होती. टाळ्या संपल्यावर ती पुन्हा म्हणाली, "हाय का कोणी?" आणि पुन्हा टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी हलकेच माईक काढून घेतला. "मित्रहो, या मुलीने आज आपल्याला डोळस केलं," ते म्हणाले. आभार, राष्ट्रगीत, चहा.

चहाच्या टेबलाशी एका तरुणाने मुलीसोबत सेल्फी काढला. तिला सांगितलं नाही. फ्लॅश पडला ते तिच्या आईला कळलं.

"लेखनिक देता काय?" आईने त्याला विचारलं.

"काय?"

"फोटो घेतला ना. पोर देता काय?"

तो चहाचा कप ठेवून गेला.

मी रोहा स्टेशनवर बाकावर बसून फोनवर बातमी लिहिली. सहा परिच्छेद. कार्यक्रम, पाहुणे, सत्कार, अध्यक्षांचं वाक्य. पाचव्यात मुलीचं म्हणणं. सहाव्यात शाळा कोणती, तारीख कोणती आणि संपर्क कुठे करायचा. कुठल्याही नव्या वार्ताहराला मी पहिल्या आठवड्यात शिकवतो: जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतं, म्हणून महत्त्वाचं वर घे. बावीस वर्षं शिकवतो. त्या संध्याकाळी मी पाहुण्यांची नावं वर घेतली आणि मुलीला पाचव्या परिच्छेदात ठेवलं. सवयीने. सत्काराची बातमी तशीच लिहितात.

सोमवारी चार परिच्छेद छापून आले. मथळा होता: "रोहेकरांच्या डोळ्यांत पाणी". फोटोत शाल होती, नारळ होता, अध्यक्ष होते.

सकाळी नऊला मुलीचा फोन आला. शेजारणीकडून तिने बातमी वाचून घेतली होती.

"काका, मी मागितलं ते कुठं हाय?"

"जागा नव्हती गं."

"शालीला होती."

मी डेस्कला फोन केला. तिकडच्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पुन्हा छापायला काही डेव्हलपमेंट हवी. मिळाला लेखनिक की पाठवा, छान स्टोरी होईल." त्याच्यावर मी आवाज चढवला. तो काही चुकीचं बोलत नव्हता. मीही त्याच्या खुर्चीत असतो तर हेच म्हणालो असतो, म्हणून राग जास्त आला.

मंगळवारी संध्याकाळी ती बाई माझ्या घरी आली. मिठागरावरून थेट आली होती. पायांच्या भेगांत मीठ वाळलेलं होतं. खुर्ची दिली तर बसली नाही.

"ते कागद तुमच्यापाशी हायत ना? लोकांनी लिहिलेले?"

"आहेत."

"नववीवाल्यांचे द्या."

"मी सगळ्यांना फोन केलेत, ताई. नाही म्हणाले."

"फोनला नाय म्हणाले. तोंडावर म्हणूदे."

मी एकवीस चिठ्ठ्या दिल्या. त्यांवर पत्ते नव्हते, पण घरं मला माहीत होती, म्हणून तिच्याबरोबर निघालो. तिचा रोज बुडत होता. बुधवार, गुरुवार दोन दिवस आम्ही पेणमधल्या गल्ल्या फिरलो. तिची पद्धत साधी होती. दार उघडलं की चिठ्ठी पुढे करायची. "हा तुमचा कागद." माणूस चिठ्ठी बघायचा. मग ती म्हणायची, "माझी पोर दहावीला हाय. लेखनिक पाहिजे. तुमचं पोर नववीत हाय, असं इथं लिवलंय." नाही म्हटलं की ती म्हणायची, "मग हा ठेवा. आमच्या कामाचा नाय." आणि पुढच्या दाराकडे वळायची. वाद नाही, विनवणी नाही.

लोकांना ते फार लागलं. एकजण म्हणाला, "हे काय, अपमान करायला आलात का?" एका बाईंनी दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाल्या, "आपण चांगलं लिहायला जावं तर!" दटावणारे गृहस्थ चिठ्ठी घेईनात. "ती छापून आलीय ना, मग मला कशाला?" ते म्हणाले. बाईने ती त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि वर त्यांच्याच कुंडीतला एक दगड ठेवला, उडू नये म्हणून.

सोळावं दार गणपतीच्या कारखान्याचं होतं. घर मागे, कारखाना पुढे. फळ्यांवर बिनरंगाच्या मूर्ती ओळीने मांडलेल्या होत्या. कारखान्याची मालकीण हिशेबाच्या वहीशी नव्हे, सुरी घेऊन साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या कडा तासत बसली होती. तिचा नवरा फळीआडून डोकावला. चिठ्ठी त्याची होती. पाच रेघांवर एकच शब्द: "निःशब्द."

बायकोने ती वाचली. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुम्ही तर अर्ध्यातनं घरी आलात! भूक लागली म्हणून!"

"आधी लिहून दिली होती," तो म्हणाला. "गर्दी होईल म्हणून."

खाडीवरची बाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. कारखानदारीण हसत नव्हती. तिने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, लेखनिकाला काय करावं लागतं, किती दिवस, किती तास. बाईने सगळं सांगितलं. कोपऱ्यात एक मुलगी पॉलिश पेपरने मूर्तीची पाठ घासत होती. कोपरापर्यंत पांढरी झालेली. ती त्यांची नववीतली.

"करशील?" आईने विचारलं.

"पेपर मला आधी बघायला मिळणार?" मुलीने विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी कसं असतं ते कळेल."

"अगो, तुझा अभ्यास," बाप म्हणाला. "आणि मार्चात इथं हात कमी पडतात."

"तुम्ही निःशब्द राहा," बायको म्हणाली.

"तसं नाय. मला खरंच तेव्हा काय शब्द सुचेना."

"शब्द माझी पोर सांगेल," खाडीवरची बाई म्हणाली. "तुमच्या पोरीनं नुसतं लिवायचं."

शुक्रवारी अर्ज गेला. शाळेतल्या लिपिकाने लेखनिकाच्या फोटोवर केस डोळ्यांवर आलेत म्हणून हरकत घेतली, कारखानदारीण तिथेच उभी राहून त्याच्याशी बोलली आणि फोटो चालला. बातमी अध्यक्षांपर्यंत संध्याकाळीच पोहोचली. त्यांचा मला फोन आला. "बघा, सिनेमाची ताकद बघा. आपल्या उपक्रमातून लेखनिक मिळाला. दोघींचा एकत्र सत्कार घेऊ. तुम्ही तेवढं चांगलं लिहा." मी म्हटलं, मी हे लिहिणार नाही. ते दुखावले. त्यांनी डेस्कला परस्पर मजकूर पाठवला आणि तो छापून आला, माझ्या पानावर, माझ्या नावाशिवाय. त्यात लेखनिक "संवेदनशील प्रेक्षकांच्या पुढाकारातून" मिळाला होता.

त्या रविवारी कारखान्याच्या मागच्या खोलीत दोघींचा पहिला सराव होता. मी गेलो, कारण मला बोलावलं होतं. वेळ लावायला कोणीतरी हवं होतं. आंधळी मुलगी खुर्चीवर ताठ बसली. लेखनिक मुलीने हात धुतले होते, तरी नखांत पांढरं होतं. विषय मराठी, उत्तर सात-आठ ओळींचं, तुमच्या गावातल्या एका कामाचं वर्णन करा.

ती सांगू लागली, सावकाश, स्वल्पविरामासकट. मिठागरावर पाणी कधी घेतात, ते कधी सुकतं, पायाखाली मीठ धरायला लागतं तेव्हा कसा आवाज येतो. लेखनिक लिहीत होती. एका जागी पेन थांबलं आणि पुन्हा चाललं, जरा जास्त वेळ.

"वाच," आंधळी मुलगी म्हणाली.

लेखनिकेने वाचलं. "माझी आई उन्हातान्हात राबते आणि तिच्या घामाचे जणू मीठ होते."

"मी काय सांगितलं होतं?"

"माझी आई सकाळी सहाला मिठागरावर जाते."

"मग ते घामाचं कुठनं आलं?"

"चांगलं वाटतं वाचायला."

दारात उभी असलेली कारखानदारीण मध्ये पडली. "असूदे की बाय. चांगलं लिवलंय तिनं. दोन मार्क वाढतील."

"मार्क माझे हायत, काकी," मुलगी म्हणाली. "कमी पडले तरी माझे. खोड ते."

लेखनिकेने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. तिने ओळीवर रेघ मारली. एक, मग पुन्हा एक.

"खोडलं?"

"खोडलं."

"लिही. माझी आई सकाळी सहाला मिठागरावर जाते. पूर्णविराम."